भावाला टीबीच्या औषधचाचणीत भाग घेऊ द्यावा का?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला फुफ्फुसाचा टीबी निघालाय. सीबीनॅटच्या (थुंकीतला जंतू मशीनवर तपासण्याच्या) रिपोर्टात रिफाम्पिसिन रेझिस्टन्स आला, म्हणजे नेहमीच्या गोळ्या चालणार नाहीत. तालुक्याहून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले: सरकारी कार्यक्रमातला ठरलेला उपचार लगेच सुरू करायचा, नाहीतर तिथे चाललेल्या एका संशोधनात भाग घ्यायचा. संशोधनात रुग्णांचे दोन गट आहेत. एका गटाला सध्याचाच उपचार, दुसऱ्याला जवळपास त्याच औषधांचा वेगळा मेळ. कोण कुठे जाणार ते संगणक ठरवणार, डॉक्टरसुद्धा नाही.
माहितीपत्रक मराठीत आहे, पण लांबलचक आहे आणि वाचताना धाप लागते. बाबांनी एकच वाक्य धरलंय, "माझ्या पोरावर प्रयोग नकोत." भाऊ स्वतः तयार आहे. वहिनीला वेगळीच काळजी, घरात दीड वर्षांचं बाळ आहे. या आठवड्यात उत्तर द्यायचंय. कोणाचा अनुभव? डॉक्टरांना काय काय विचारावं?

टेकडीवरचा
बाबांचं बरोबर आहे. ठरलेला उपचार फुकट मिळतोय तर संशोधनात कशाला? गरजू माणूस 'नाही' म्हणू शकत नाही, त्यावरच हे सगळं चालतं.

लॅबवाली
सोनचाफा, आधी एक विचारते. फक्त रिफाम्पिसिनचाच रिपोर्ट आलाय की पुढचे पण? एलपीए (कोणती औषधं चालतील ते जंतूच्या जनुकांवरून सांगणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) यांसाठी थुंकी घेतली का? लिव्होफ्लॉक्सासिन-मॉक्सीफ्लॉक्सासिन या फ्लोरोक्विनोलोन गटाला जंतू दाद देतो की नाही हे कळायला हवं. त्यावर उपचार ठरतो आणि संशोधनात घेतील की नाही तेही ठरू शकतं.

सोनचाफा
थुंकी दोनदा घेतली. दुसऱ्याचा रिपोर्ट यायचाय म्हणाले. एवढं महत्त्वाचं आहे हे माहीत नव्हतं, उद्याच विचारते.

अण्णा_पंढरपूरकर
माझ्या थोरल्या चुलत्यांना पन्नासच्या दशकात क्षय झाला होता. तेव्हा पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळची वानलेसवाडी, मुंबईत शिवडी हीच सॅनेटोरियमची, म्हणजे क्षयरुग्णांना महिनोन्महिने ठेवायच्या रुग्णालयांची नावं. ज्याला परवडेल आणि खाट मिळेल तो जायचा, बाकीचे घरी खोकत पडायचे. चुलते गेले ते खाटेची वाट बघण्यात.
पुढे कळलं की अगदी त्याच सुमारास मद्रासमध्ये यावरच अभ्यास चालला होता. १९५६ साली तिथे ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर निघालं. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चौघे मिळून. १९३ रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. सॅनेटोरियमवाल्यांना आराम जास्त, जेवण बरं, हवा चांगली. तरी १९५९ साली निकाल आला की घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. आज आपण घरी बसून गोळ्या घेतो ते या लोकांमुळे. ते १९३ जण गरीब वस्तीतलेच होते हो, आणि चिठ्ठीने कुठे जायचं ते ठरलं होतं.

गंधाली
अण्णा, हे ठाऊक नव्हतं. म्हणजे सॅनेटोरियम बंद पडायला एक चाचणी कारण झाली?

अण्णा_पंढरपूरकर
एकटी ती नाही, औषधं मुळात आली म्हणूनच. पण खाट हाच उपचार हा समज त्या अभ्यासाने मोडला. ते केंद्र आजही चेन्नईत आहे, आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था.

निशिगंध
मी या आजारातून गेले आहे, म्हणून लिहिते. मला एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) झाला तेव्हा जुना उपचार होता. रोज इंजेक्शन, कित्येक महिने, आणि गोळ्या दीड-दोन वर्षं. इंजेक्शनचं नाव कानामायसिन. डाव्या कानाने आता जवळजवळ ऐकू येत नाही. सुरुवातीला कानात शिट्टी वाजायची, मी सांगितलं, तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडून दिलं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कोणी केलीच नाही.
मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना टीबीच्या औषधानेच बहिरेपण आलं. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी मिळून बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या गोळीच्या वाढीव पेटंटला भारतात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मी ती बातमी वाचून रडले होते.
आता इंजेक्शन नाही, सगळी औषधं तोंडावाटे, आणि बऱ्याच जणांचं सहा महिन्यांत आटोपतं. माझ्यानंतरच्या लोकांना हे मिळालं कारण कुणीतरी चाचणीत उभं राहिलं. टेकडीवरचा, तुमचा राग समजतो. पण "ठरलेला उपचार" आहे तोच घ्या म्हणताना लक्षात असू द्या, माझ्या वेळी कानामायसिन हाच ठरलेला उपचार होता.

टेकडीवरचा
निशिगंधताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण मी हवेत बोलत नाही. बेडाक्विलिनच्याच सुरुवातीच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत १० मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात २. हे खरं आहे की नाही? आणि २००९ साली खम्मम आणि वडोदऱ्याकडे एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या) प्रकल्पात काय झालं? वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डन-मुख्याध्यापकांच्या सह्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे मारले. आईबापांना पत्ताच नाही.

इतिहासवेडा
संमतीचा प्रश्न जुना आहे. मुंबईत प्लेग होता तेव्हा त्यावरची लस शोधणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला पहिली लस स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैदी स्वेच्छेने पुढे आले असं नोंदलेलं आहे. तुरुंगातल्या माणसाच्या स्वेच्छेला किती अर्थ, हे ज्याने त्याने ठरवावं. पण त्या निकालाच्या जोरावरच लस शहरात गेली हेही तितकंच खरं.

क्षितिज_छातीवाला
मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. सोनचाफा, तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हो की नाही हे सांगणार नाही. विचार कसा करावा तेवढं सांगतो.

टेकडीवरचा यांनी दिलेला आकडा खरा आहे. १० आणि २. त्यामुळेच औषधाच्या खोक्यावर इशारा आला आणि हृदयावर लक्ष ठेवायला ईसीजी सक्तीचा झाला. बहुतेक मृत्यूंचा औषधाशी थेट संबंध लागला नाही, तरी कोणी ते झाकून ठेवलं नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेने हजारो रुग्णांच्या नोंदी २०१८ मध्ये मांडल्या, तेव्हा बेडाक्विलिन मिळालेल्यांत मृत्यू कमी दिसले. पहिली शंका मोजूनच आली आणि मोजूनच फिटली.

आता 'चिठ्ठी'बद्दल. टीबी आणि चिठ्ठीचं नातं फार जुनं आहे. ब्रिटनमध्ये युद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन इतकं कमी होतं की सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. मग १०७ रुग्णांत चिठ्ठीने वाटणी केली. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ५५ पैकी ४ गेले, नुसत्या विश्रांतीच्या गटातले ५२ पैकी १४. १९४८ मध्ये हा निकाल छापला आणि औषधचाचण्यांची आजची रीत तिथून रुळली. त्याच चाचणीत दुसरी गोष्ट दिसली: बरे होऊ लागलेले पुष्कळ जण पुन्हा ढासळले, कारण एकाच औषधाला जंतू सरावला. टीबीला एकावेळी तीन-चार औषधं का देतात त्याचं मूळ त्यात आहे. नुसतं औषध देऊन बघितलं असतं, तर सुरुवातीची सुधारणा पाहून सगळे खूश झाले असते.

तुमच्या बाबांना ही एक चाचणी जरूर सांगा. टीबी-प्रॅक्टिकल नावाची, बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत झाली. एका गटाला जुना लांबलचक उपचार, दुसऱ्यांना बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सीफ्लॉक्सासिन, २४ आठवडे. आकडे तपासणारी एक स्वतंत्र समिती असते, डॉक्टर किंवा कंपनीच्या हाताखालची नव्हे. नवा उपचार इतका सरस दिसला की मार्च २०२१ मध्ये नवीन रुग्ण घेणं थांबवलं. २०२२ मध्ये छापलेल्या निकालात उपचार फसण्याचं प्रमाण ११ टक्के, जुन्या गटात ४८ टक्के. आज भारतात जो सहा महिन्यांचा 'बीपाल-एम' मिळतो तो हाच. आपल्या केंद्र सरकारने त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: मधेच एक गट वाईट चालला आहे असं दिसलं तर कोण थांबवणार, आणि आम्हाला कोण कळवणार?

गंधाली
डॉक्टर, म्हणजे आता बीपाल-एम हाती असताना अजून चाचणी कशासाठी? तो चांगलाच आहे ना?

क्षितिज_छातीवाला
चांगला आहे, पण सुखाचा नाही. लिनेझोलिड पायांच्या नसांना आणि रक्ताला त्रास देतं. निक्स-टीबी या पहिल्या अभ्यासात १०९ पैकी ९० टक्के बरे झाले खरे, पण रोज १२०० मिलिग्रॅम लिनेझोलिडवर ८१ टक्के जणांना नसांचा त्रास झाला. पुढच्या झीनिक्स चाचणीत डोस ६०० वर आणला. यश तितकंच राहिलं आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर उतरला. कमी औषधात भागतं हेसुद्धा चाचणीशिवाय कळत नाही.

लॅबवाली
निदानाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली काच बघायचो तेव्हा एक मिलिलिटर बेडक्यात साधारण दहा हजार जंतू असल्याशिवाय दिसायचे नाहीत. त्यातून औषधाला दाद देतो का हे कळायला कल्चर, म्हणजे आठवडेच्या आठवडे. रुग्ण तोवर चुकीच्या गोळ्या खातोय आणि घरभर खोकतोय. जीनएक्सपर्टची, म्हणजे आपल्या सीबीनॅटचीच, मोठी चाचणी लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि आपल्या मुंबईत झाली, १,७३० रुग्णांवर, २०१० मध्ये छापली. दोन तासांच्या आत टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही, दोन्ही. त्या मुंबईकरांनी एक जास्तीचा नमुना दिला म्हणून सोनचाफाच्या भावाचा रिपोर्ट तालुक्यात निघाला.
आणि सगळ्यांना विनंती, सकाळचा, खोल खोकून काढलेला चांगला बेडका द्या. अर्धे नमुने नुसती लाळ असतात.

अण्णा_पंढरपूरकर
लॅबवालीताई, 'चांगला बेडका' हे शब्द इतक्या कौतुकाने पहिल्यांदाच वाचले.

फोंड्याचो_बाब
मुंबईचं नाव आलं तर गोव्याचंही येऊ दे. ट्रूनॅट हे असंच टीबी तपासायचं मशीन आमच्या वेर्ण्याचं. बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात टेबलावर मावतं. आधी आयसीएमआरने तपासलं, मग अनेक देशांत चाचणी होऊन २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. पावसात वीज जाते त्या गावाला याचं मोल विचारा.

गंधाली
मग खाजगीत ती रक्ताची टीबी टेस्ट करायचे ती? माझ्या सासूबाईंची केली होती फार पूर्वी.

लॅबवाली
ती अँटिबॉडीची. भारत सरकारने जून २०१२ मध्ये बंदी घातली. अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की ती आजारी माणसाला निरोगी सांगते आणि निरोग्याला आजारी. कोणी आजही सुचवली तर उठून या.

मोरपीस
मी नंदुरबार भागात आरोग्याचं काम करते. औषधावर एवढं बोलताय, ताटावर पण बोला. झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाची चाचणी झाली, चार जिल्ह्यांत, २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. रुग्णाला सगळीकडे धान्याची पिशवी दिली. निम्म्या भागात घरच्यांनाही दिली, मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल आला. ज्या घरांना धान्य मिळालं तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि पसरणाऱ्या प्रकारचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ आणि डाळ! ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी होता. मी आता प्रत्येक भेटीला वजनकाटा घेऊन जाते.

टेकडीवरचा
मोरपीस, मग उरलेल्या निम्म्या घरांना डाळ का नाही दिली? भूक घालवली की आजार कमी होतो हे कळायला चाचणी लागते?

मोरपीस
हा प्रश्न मलाही सतावतो आणि उत्तर मला पुरतं पटलेलंही नाही. एवढंच म्हणेन, "गरिबी हटेल तेव्हा हटेल" असं म्हणून पोषणाचा विषय टीबी कार्यक्रमात कायम मागच्या बाकावर होता. आकडा हातात आल्यावर अधिकाऱ्यांशी बोलायला जोर आला. रुग्णाच्या खात्यात महिना ५०० रुपये यायचे ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. घरच्यांच्या ताटाचं काय, ते भांडण आम्ही रोज करतोय. टेकडीवरचा, तुम्हीही करा, खरंच.

टेकडीवरचा
करतो. याला माझी पूर्ण साथ आहे.

शेवंती
मूळ प्रश्न मागे पडला. बाळाचं काय? दीड वर्षांचं आहे.

क्षितिज_छातीवाला
शेवंती, आठवण दिलीत ते बरं झालं. बाळाची तपासणी भावाच्या निर्णयासाठी थांबवू नका. वजन, खोकला-ताप, छातीचा फोटो, लागल्यास पोटातला नमुना. बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलेली असली तरी तपासा. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, पण एवढ्यावर विसंबून राहता येत नाही. मोठ्यांच्या बाबतीत तर तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या प्रचंड चाचणीत १५ वर्षं लोकांना तपासूनही संरक्षण दिसलं नाही.
एमडीआर रुग्णाच्या घरातल्या मुलांना प्रतिबंधक काय द्यायचं याला अगदी अलीकडेपर्यंत उत्तर नव्हतं. व्हिएतनाममध्ये सर्व वयाच्या माणसांत आणि दक्षिण आफ्रिकेत लहान मुलांत लिव्होफ्लॉक्सासिन सहा महिने देऊन पाहिलं. एकेकटे निकाल पुरेसे पक्के नव्हते. दोन्ही एकत्र मांडल्यावर टीबी सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालेला दिसला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये शिफारस केली. पण हे औषध बाळाला उपयोगी पडायला भावाचा जंतू त्याला दाद देणारा हवा. लॅबवालींनी विचारलेला रिपोर्ट इथेही लागतो.

निशिगंध
सोनचाफा, प्रश्नांची यादी मागितली होतीस. मी रुग्ण म्हणून काय विचारलं असतं ते लिहिते. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी क्रमांक काय? (२००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, घरी बसून शोधता येते.) एथिक्स कमिटीचा (रुग्णांचे हक्क जपणाऱ्या समितीचा) फोन नंबर पत्रकात आहे का? संशोधनामुळे इजा झाली तर उपचार कोणाच्या खर्चाने, हे स्वच्छ लिहिलंय का? २०१९ च्या नियमांत त्याची तरतूद आहे. मधेच बाहेर पडलो तर सरकारी उपचार दुसऱ्या दिवशीपासून मिळेल ना? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. आणि नंबर दिला की तिथेच, त्यांच्यासमोर, एकदा लावून बघ.

टेकडीवरचा
अजून एक जोडा. पत्रक घरी आणू दिलंय ना? ज्याला वाचायला वेळ दिला जात नाही त्याने सही करू नये. खरं सांगायचं तर त्यांनी घरी नेऊन वाचायला दिलंय ही गोष्ट मला आवडली.

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही सगळेच गेलो होतो, बाबांसकट. बाबांनी अण्णांनी लिहिलेली मद्रासची हकीकत दोनदा वाचून घेतली होती. मधेच कोण थांबवणार हा प्रश्न त्यांनीच विचारला. डॉक्टरांनी समितीचं काम समजावून सांगितलं, फोन नंबर दिला, मी लावला, उचलला.
पण दुसरा रिपोर्ट कालच आला. फ्लोरोक्विनोलोनलाही जंतू दाद देत नाही. त्यामुळे या संशोधनात तो बसत नाही. त्याला मॉक्सीफ्लॉक्सासिन वगळून बाकी तीन औषधं देणार आहेत, ईसीजी आणि रक्त तपासून परवापासून सुरू. भाऊ जरा हिरमुसला. बाबा मात्र म्हणाले, "पुढे अशा रुग्णांसाठी काही निघालं तर आम्हाला कळवा," हे ऐकून मी बघतच राहिले.
आता प्रश्न बाळाचा. म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन नाहीच ना?

क्षितिज_छातीवाला
या जंतूवर त्याचा भरवसा धरता येणार नाही. आता तपासणी स्वच्छ आली तर बाळावर दोन वर्षं बारीक लक्ष, ठरलेल्या तारखांना वजन आणि तपासणी, आणि मधे खोकला लांबला, ताप राहिला किंवा वजन थांबलं तर तारखेची वाट न बघता लगेच. बालरोगतज्ज्ञांना भावाचे दोन्ही रिपोर्ट दाखवा, तोंडी सांगू नका. भावाला पायाला मुंग्या, झिणझिण्या, डोळ्यांना धूसर असं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी सांगायला सांगा. लिनेझोलिडचा त्रास लवकर कळला तर डोस बदलता येतो.

मोरपीस
आणि निक्षयमध्ये (सरकारच्या टीबी नोंदणीत) त्याचं बँक खातं जोडलंय का ते एसटीएसना, म्हणजे टीबी उपचार पर्यवेक्षकांना विचार. नसेल तर आधारची झेरॉक्स आणि पासबुक घेऊन परवा औषध सुरू होतानाच करून टाक, नंतर राहून जातं.